मधोमध गयाबाई

"तुम्ही मधे का उभ्या राहता, आई? प्रत्येक फोटोत? अगदी प्रत्येक?"

"मंग कुठं उभी राहू? भाईर, चपला राखत?"

"बाजूला! माणसं बाजूला पण उभी राहतात."

"बाजूला उभी राहणारी माणसं कापली जातात. मला नको शिकवू."

यशोधराने लग्नाच्या अल्बमचं जाड पान थाडकन उलटलं. "हे बघा. स्टेजवर डावीकडे सम्यक, उजवीकडे मी, मधे तुम्ही. जेवायला बसलोय, मधे तुम्ही. आणि हे तर बघाच, निघताना गाडीत! मागच्या सीटवर नवरा, नवरी आणि मधे सासू!"

"खड्डे व्हते रस्त्याला. तुला धरायला कोन व्हतं?"

"नवरा होता ना!"

"त्याला गाडी लागते. लहानपनापासून."

यशोधराने कपाळावर हात मारला. गयाबाईने मांडीवरची जीन्स उलटी केली आणि शिवणीतून लोंबणारे धागे कटरने कचाकच कापायला सुरुवात केली. भांडताना तिच्या हाताला जास्त वेग यायचा. मोठं भांडण झालं त्या दिवशी कारखान्याचा अख्खा गठ्ठा दुपारीच संपे.

आजच्या भांडणाचं कारण पलंगावर पडलं होतं. जाडजूड लिफाफा, त्यावर परदेशी तिकिटं, आत यशोधराची व्हिसाची फाईल आणि वर एक कागद. यशोधराचा नवरा, म्हणजे गयाबाईचा एकुलता एक सम्यक, लांबच्या एका थंड देशात वेल्डर होता. त्या देशाला गयाबाई नुसतं 'बर्फ' म्हणायची. बर्फात फोन लाव. बर्फातून पोराचा फोन आला. लग्नाला तो सुट्टी काढून आला आणि हळद अंगावरून उतरायच्या आत परत बर्फात गेला. बायकोला तिकडे न्यायचं तर तिथल्या सरकारी ऑफिसात अर्ज करायचा. अर्ज केला. तो परत आला.

पहिल्या वेळी कागदावर लिहिलं होतं: अर्ज अपूर्ण, विवाह प्रमाणपत्र जोडलेलं नाही. प्रमाणपत्र त्याच लिफाफ्यात होतं. वर ऑफिसचा शिक्कासुद्धा होता, म्हणजे कुणीतरी ते हातात घेऊन, शिक्का मारून, मग ते नाही असं कळवलं होतं.

"आंधळ्यानं मारला आसंल शिक्का," गयाबाई तेव्हा म्हणाली होती.

यशोधराने मेल केला. 'आपला मेल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असं उत्तर आलं आणि तेवढंच आलं. फोन लावला की एक बाई इंग्रजीत आभार मानायची आणि मग बाजा वाजायचा. यशोधरा फोन स्पीकरवर ठेवून अंबरनाथला आपल्या कामावर जायची तयारी करायची, वेणी घालायची, डबा भरायची. बाजा चालूच. गयाबाई धागे कापता कापता ऐकायची. "वाजवतोय मात्र झ्याक," म्हणायची.

शेवटी तेच प्रमाणपत्र, त्याच फाईलमध्ये, सगळ्यात वर लावून पुन्हा पाठवलं. आता दुसऱ्यांदा परत. या वेळी: अर्ज अपूर्ण, विवाहविधीत वधू-वर एकत्र असल्याचं छायाचित्र जोडलेलं नाही. छायाचित्रं लिफाफ्यात होती. चांगली मूठभर. प्रत्येकात वधू होती, वर होता.

"आणि मधे तुम्ही!" यशोधरा पुन्हा म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, ह्याच बाईचं लग्न दिसतंय."

"माझ्या एका अंगाला नवरा, एका अंगाला नवरी. मी काय भिंत हाय का, मागचं न दिसायला? चूक त्यांची, आन् बोलनी मला!"

"चूक त्यांचीच आहे, आई. त्यांनी यादीत फक्त 'लग्नाचे फोटो' म्हटलं होतं. पण त्यांना जाऊन सांगणार कोण? तुम्ही?"

"ने मला. सांगते."

यशोधराला हसू येत होतं, पण आज ते तिने गिळलं. "मेडिकलची मुदत ह्या आठवड्यात संपतेय. आज कुरियर नाही गेलं तर तपासणी नव्याने, अर्ज नव्याने, सगळं नव्याने. आणि एक विचारू? पहिल्यांदा फाईल परत आली त्या दिवशी तुम्ही शिरा केलात."

"रवा संपवायचा व्हता."

"काल परत आली. काल पण शिरा."

"रव्यात किडे व्हतील, ह्या हवेत."

"वेलची घातली होती, आई! किडे होऊ नयेत म्हणून वेलची घालतात?"

गयाबाईने धागा कापला. त्या जागी धागा नव्हता.

तिला फाईल जायला हवी होती. पोरगं तिकडे एकटं, डाळीत पाणी घालून पितंय, हे तिला रोज दिसायचं. पण ह्या खोलीत संध्याकाळी दार उघडून "आई, आज बॉसने काय केलं माहितीये?" असं ओरडत येणारी पोरगी पण तिला हवी होती. फाईल जावी आणि यशू जाऊ नये, असा अर्ज कुठल्या ऑफिसात करायचा, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"मी काय कायम मधी नसते," ती फणकारली. "हार घालताना व्हते का? न्हवते! जिलेबीवाल्यानं ताटं अर्धी पाठवली म्हनून मी त्याच्याशी भांडाया गेलते. तुमचे हार झाले तरी मी तिकडंच!"

बोलून झालं आणि गयाबाईला वाटलं, जीभ चावावी.

यशोधरा ताडकन उठली. "हार घालताना तुम्ही नव्हतात?"

"म्हंजी... आसंल. मला काय आठवतंय आता."

"मग तो फोटो अल्बममध्ये का नाही? चला. चंदूकडे चला. उठा!"

*

गयाबाईला न ओळखणारा माणूस कॅम्प चारच्या वस्तीत नवीन भाडेकरूच असायचा. ती मूळची जांभूळ गावची. लग्न होऊन इथे आली, नवरा धोंडिबा अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात, आणि ती जीन्सच्या कारखान्यांमध्ये धागे कापायला. धोंडिबा गेल्यावर तिने गठ्ठे घरी आणायला सुरुवात केली आणि धाग्यांवर सम्यकचं आयटीआय केलं. नळावर दोन बायका भांडत असल्या तर तिसरी गयाबाई. ती मिटवायला आलीय की पेटवायला, हे शेवटपर्यंत कुणाला कळायचं नाही, पण तिच्याशिवाय भांडण मिटायचंही नाही. विहारातल्या कार्यक्रमात खिरीच्या पातेल्यापाशी ती, नव्या सुनांच्या घोळक्यात ती.

आणि फोटोत मधोमध ती. त्यालाही कारण होतं.

विहाराच्या महिला मंडळाची सहल नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती, सम्यक तेव्हा कडेवर होता. सगळ्या मंडळाच्या भाकऱ्या गयाबाईने रात्रभर थापल्या होत्या. फोटो काढताना ती आपली सभ्यपणाने कडेला उभी राहिली. तो फोटो मोठा करून, चौकटीत घालून विहारात लावला. सगळ्या बायका आल्या. गयाबाईचा फक्त कोपर आला, आणि कोपराला लटकलेली भाकऱ्यांची पिशवी. आजही पाहुणे आले की ती त्यांना विहारात नेऊन दाखवते. "तो कोपर हाय ना, तो माझा." त्या दिवसानंतर कॅमेरा दिसला की गयाबाई लोकांना हलक्या हाताने सारून मधे पोचायची. मधल्याला कुणी कापत नाही.

*

चंदूचा स्टुडिओ मेन रोडवर, दोन जीन्सवाल्यांच्या मधे दाबून बसवलेला. चंदू सिंधी, पण बदलापूरपर्यंतची सगळी मराठी लग्नं त्याच्याकडे. त्यामुळे त्याला बौद्ध लग्नातल्या मंगल गाथा पाठ होत्या, आणि भन्तेजी कुठल्या ओळीला थांबतात तेही.

"आओ भाभी! मौसी, बसा, बसा. काय, नातवाचा फोटो?"

"जिभेला हाड हाय का? नवरा बर्फात, नातू कुठनं येनार?"

यशोधराने घरून आणलेला अल्बम आणि फाईल टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. चंदूने अल्बम चाळला, मान हलवली, आणि कॉम्प्युटरवर तोच स्टेजवरचा फोटो उघडला. सफेद साडीतली यशोधरा, सफेद कपड्यांतला सम्यक, मागे बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, मधे निळ्या साडीत गयाबाई, निवडून आल्यासारखी.

"येवढंच ना? एक मिनिटाचं काम. मौसी को उडा देता हूं. दोघांना जवळ सरकवतो, मागे पडदा भरतो. ऑफिस के बाप को नहीं समझेगा."

त्याने माउस फिरवला. स्क्रीनवर गयाबाईभोवती टिंबाटिंबांची रेघ सरसरत फिरली. डोक्यावरून, खांद्यावरून, कोपरावरून.

एव्हाना गयाबाईची शिवी यायला हवी होती. चंदूने वळून पाहिलं. ती आपला उजवा कोपर डाव्या हातात धरून बसली होती.

"हात काढ," यशोधरा म्हणाली.

"भाभी, फ्री में कर रहा हूं..."

"माउसवरचा हात काढ, चंदू. आईंना कापायचं नाही. कोपरसुद्धा नाही."

"तेरी फाईल का क्या?"

"खोटा फोटो पाठवू का? खरे पाठवले तरी परत येतायत. आई म्हणतायत, हार घालताना त्या नव्हत्या. तो फोटो अल्बममध्ये का नाही?"

चंदू हसला. "सीधी बात है. बिल कोण देणार होतं?"

"आई."

"तो अल्बममध्ये कोण पायजे? माझा नियम आहे, साईं. ज्याच्या हातून बिल, तो प्रत्येक पानावर. मामाने बिल दिलं तर मामा, बापाने दिलं तर बाप. एका लग्नात बिल काकाने दिलं, नवरीचे चारच फोटो! काका खूश. मौसी नसलेले सगळे फोटो मी बाजूला काढून ठेवले. व्हिडिओ पण."

"म्हणजे आहेत?"

"चंदू कुछ फेंकता नहीं."

"चंदू," गयाबाई घाईने म्हणाली, "फोटो दाखव. पिच्चर नको. कुरियर बंद व्हईल."

पण चंदूने दोन्ही उघडलं.

फोटो पहिल्याच झटक्यात मिळाला. सम्यकने हार वर धरलाय, यशोधराने मान वाकवलीय, वरून फुलं पडतायत, आणि दोघांच्या मधे फक्त हार. यशोधरा स्क्रीनकडे बघतच राहिली. एवढ्या महिन्यांत त्या माणसाला तिने फोनच्या चौकोनातच पाहिलं होतं, नाहीतर सासूच्या पलीकडे.

"हे चालेल ना?" तिचा आवाज बारीक झाला. "ह्यात तरी दिसतो ना आम्ही?"

"ह्यात पण नाही दिसलात तर त्या ऑफिसला चष्मा कुरियर कर," चंदू म्हणाला आणि प्रिंट सोडली. प्रिंटर घरघरायला लागला. तोवर शेजारी व्हिडिओ आपला आपण चालू होता. हार, टाळ्या, फुलं. कॅमेरा स्टेजवरून खाली आला, पाहुण्यांवरून फिरला, बदलापूरला लग्न झालं त्या हॉलच्या मागच्या भिंतीपाशी गेला.

तिथे पाण्याच्या पिंपाआड निळी साडी उभी होती.

जिलेबीवाला कुठेच नव्हता. ताट नव्हतं, भांडण नव्हतं. गयाबाई एकटी, पदराचा बोळा तोंडात धरून, खांदे हलवत उभी होती. मग तिने पिंपातल्या पाण्याने डोळे धुतले, नाक पुसलं, पदर सारखा केला. समोर कॅमेरा दिसला तसं तिने त्याच्याकडे बोट रोखलं. आवाज बारीक होता, पण शब्द कळले: "चंद्या, हे दाखवलंस तर टकुरं फोडीन." आणि मग ताठ मानेने स्टेजवर चढली, पोराला एका हाताने सारलं, सुनेला दुसऱ्या हाताने, आणि मधोमध उभी राहिली.

"मैंने नहीं दिखाया, मौसी," चंदू हळूच म्हणाला. "अपने आप चालू हो गया."

यशोधराने प्रिंट फाईलमध्ये घातली. सगळ्यात वर. फाईल सोबत आणलेल्या नव्या लिफाफ्यात घालून तो चिकटवला, वरून टेप मारली, पुन्हा एकदा मारली. मग लिफाफा मांडीवर ठेवून ती सासूकडे वळली.

"आई, जिलेबीवाला कुठाय ह्यात?"

गयाबाई समोरच्या भिंतीवरचे पासपोर्ट फोटो बघत होती.

"तेव्हा तर मी घरात येत होते. तेव्हा एवढं रडलात?"

"प्रिंटसाठी पंखा बंद केला आहे, मौसी, गर्मी होते का?" चंदूने मधे तोंड घातलं.

"गप रे." यशोधराने लिफाफ्यावर दोन्ही हात ठेवले. "आणि मी जाणार म्हटलं की रडत नाही, शिरा करता. खरं सांगा मला, आई. अजून टेपच मारलीय, पाठवलं नाहीये. मी जाऊ ना?"

गयाबाई उठली. तिने यशोधराच्या मांडीवरून लिफाफा उचलला, काखेत घट्ट दाबला, दारातल्या चपलांत पाय सरकवले. रस्त्यावर जीन्सचे गठ्ठे उतरवणारे दोन हमाल वाट अडवून उभे होते. त्यांना तिने एकेका हाताने बाजूला सारलं आणि त्यांच्या मधून, मागे न बघता, कुरियरच्या दुकानाकडे चालू लागली.