आशेची मेणबत्ती मोरीत

मंडळी, संध्याकाळचंच सांगते. हाताचा वास अजून गेलेला नाही.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घरी चार मेणबत्त्यांपैकी पहिली, आशेची, लावली. नाताळपर्यंत दर रविवारी तीच पुन्हा लावायची असते. प्रार्थना संपतेय तोच करंट गेला आणि मोरी तुंबून घाण पाणी घरात आलं. शेजारी नवा टॉवर झाल्यापासून हे नेहमीचंच. त्यांचा जनरेटर लगेच सुरू झाला. ड्रेनेजवाल्याला फोन केला, तर म्हणाला, "अब्बीच आते अम्मा." दिवाळीपासून हेच म्हणतोय तो.

मी तीच पेटती मेणबत्ती उचलली. सासूबाई ओरडल्या, "अगं, आशेची आहे ती! मोरीत कुठे नेतेस?"

"मग काय अंधारात हात घालू?"

किती तरी वेळ काठीने मोरी मोकळी करत बसले. सकाळी चर्चमध्ये पाळक म्हणाले होते, देव जवळ आहे. मोरीत तरी मला दिसला नाही.

आता मेणबत्ती बोटभर उरलीय. म्हटलं, उद्या नवी आणते.

सासूबाई म्हणाल्या, "नक्को. हीच लावू. एवढीच उरली, हे दिसू दे देवाला."

तुमच्या घरी किती उरलीय?