हिंगणीची खदान, रडार आणि माझा सडा

वर्ध्याला उतरलो तेव्हा माझ्यापेक्षा माझ्या सामानाकडेच लोकांचं लक्ष होतं. जीपमागच्या गाड्यावर ताडपत्रीत गुंडाळलेलं रडार पाहून चहाच्या टपरीवर दोघातिघांनी, न विचारता, तपासणीचं मशीन समजून सावंगीच्या मोठ्या दवाखान्याचा रस्ता दाखवला.

जायचं होतं हिंगणीजवळच्या गिट्टीच्या खदानीत. तिथल्या उंच कड्याला भेग पडली होती आणि खाली माणसं काम करत होती. रडारनं समोरून कड्यावर लाटा सोडायच्या. कडा केसभर सरकला तरी भोंगा वाजणार.

मुकादम महादेवभाऊंनी मशीनला एक फेरी मारली. "साहेब, भित काई पळून नाई राह्यली. आमी रोज पाहतो तिले."

"पळायच्या आधी कळावं म्हणूनच आलोय," मी म्हणालो. पुण्याहून आणलेला रुबाब अजून उतरला नव्हता.

मशीनसाठी मुरमाची पक्की जागा होती, पण मला सावली हवी होती. म्हणून शेजारच्या शेतात, पळसाखाली काळ्या मातीवर रडार उभं केलं. धूळ उडू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ भोवती सडाही घालू लागलो. रांगोळी कधी काढता, असं महादेवभाऊंनी विचारलंच.

एका दुपारी मंडळींनी खदानीच्या तळाशी रोडग्यांचा (गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे) बेत केला. रोडगे निखाऱ्यात गेले आणि भोंगा वाजला. पडद्यावर अख्खा कडा सरकत होता! मी ओरडत सुटलो. माणसं वर धावली. वांग्याच्या भाजीचं पातेलं मात्र दोघांनी न हिंदकळता आणलं.

बराच वेळ गेला. कडा जागचा हलेना. घाम पुसत मी स्टुलावर बसलो आणि स्टुलासकट तिरपा झालो. मग रडारच्या चाकाकडे नजर गेली. सड्यानं मऊ झालेल्या मातीत ते रुतत चाललं होतं. कडा स्थिर होता. सरकत होतो आम्ही.

रोडग्यांचा कोळसा झाला होता. महादेवभाऊ एवढंच म्हणाले, "भित बरी हाये साहेब. तुमी जपा."

सगळे हसले, मीही हसलो. पण पुन्हा भोंगा वाजला तर आता कोण धावणार?

रडार मुकाट्यानं मुरमावर, भर उन्हात नेलं. दुसऱ्याच दिवशी भोंगा वाजला. या वेळी पडद्यावर फक्त भेगेखालचा तुकडा सरकत होता. मी घसा फोडून ओरडलो. खालून कुणीतरी रोडग्यांची चौकशी केली. महादेवभाऊ तेवढे वर आले. पडद्याकडे त्यांनी बघितलंही नाही. वाकून चारही चाकं पाहिली, एकाला लाथ घातली आणि खाली हाक दिली, "चाक पक्कं हाये रे. निघा सारे."

सगळे वर आले. चहा गाळून होण्याआधीच तो तुकडा खाली आला, आदल्या दिवशीच्या चुलीवरच. धूळ बसली. मग महादेवभाऊ म्हणाले, "आता रोडगे वरच करू."

ते रोडगे मी तुपात बुडवून इतके खाल्ले की परतताना केळझरच्या गणपतीच्या पायऱ्या चढताना त्यालाच माझी दया आली असावी. रुबाब बहुधा त्या काळ्या मातीतच रुतून राहिला. हल्ली कुठल्याही खदानीत गेलो की कड्याआधी स्वतःच्या पायाखाली बघतो.

निघताना महादेवभाऊंनी जीपच्या खिडकीत हात ठेवला होता. "साहेब, परत येजा. सडा आमी घालून ठेवतो."