शंभराला तीन कमी

अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आमची मुलं त्यांना आजोबाच म्हणत. पहिल्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ कसा ओढायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. त्यामुळे २००५ च्या मार्चमध्ये ते कार्डांनी भरलेला बुटाचा खोका घेऊन आले, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

त्यांच्या चर्चच्या यादीत दोनशे बारा प्रौढ होते. रविवारी मात्र चाळीसच्या वर डोकी दिसत नसत. वरच्या मंडळींनी कळवलं होतं की निदान शंभर जणांनी 'आम्ही सभासद आहोत' असं सही करून दिलं, तर चर्च चालू राहील. नाहीतर ते दुसऱ्या चर्चमध्ये विलीन होईल. आजोबांचं लग्न त्याच चर्चमध्ये झालं होतं आणि बायकोला शेवटचा निरोपही तिथूनच दिला होता.

"तू आकड्यांचा माणूस," ते म्हणाले. "मोजून दे."

घरटी एक अशी भरून आलेली कार्डं अडुसष्ट होती. मी एक्सेलमध्ये भरली आणि तासाभरात सांगितलं, "एकशे अठ्ठावन्न!" आजोबांनी माझ्याच फोनवरून पाद्रीबाईंना ही बातमी कळवली. माझ्या बायकोने शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे मी पुन्हा ताळा केला, तेव्हा चूक सापडली. कार्डावर घरातल्या प्रत्येक प्रौढासाठी वेगळी ओळ होती. मी बापाची सही पाहून अख्खं घर मोजलं होतं. खालच्या ओळी कोऱ्या होत्या. काहींवर 'आता नाही, धन्यवाद' असं लिहिलेलं होतं, आणि तेही मी 'हो'मध्ये धरलं होतं.

ही चूक माझ्या हाडीमाशी मुरलेली होती. नागपूरला जनगणना आली की माझे वडील वस्तीत घरोघर जाऊन सांगत, "धर्माच्या रकान्यात बौद्धच लिहून घ्या. पेन्सिलीनं नाही, शाईनं." घरचा कर्ता सांगे आणि सगळ्यांच्या नावापुढे तेच लिहिलं जाई. लेकरांना कोण विचारतो? त्या एका शब्दासाठी आमच्या लोकांनी फार सोसलं होतं, म्हणून रकाना कोरा सोडणं आम्हाला गुन्ह्यासारखं वाटे.

खरा आकडा सत्त्याण्णव निघाला.

आजोबांना बोलावून मी तो पडद्यावर दाखवला. बाकीच्या घरांनी कार्डं पाठवलीच नव्हती; आशा होती ती एकाच कार्डाची, ओहायोत डब्लिनला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचं. त्याने गाव सोडून वीस वर्षं झाली होती, पण यादीत तो, सून आणि एकोणीस वर्षांची नात अशी तिघांची नावं होती. तीनच हवी होती.

मी म्हणालो, "तुम्ही घरातले मोठे. तुम्हीच सह्या करून टाका."

ते हसले. "त्याचा बाप्तिस्मा केला तेव्हा त्याला विचारलं नव्हतं. आता तरी विचारतो."

त्यांनी माझ्यासमोरच फोन स्पीकरवर लावला. मुलगा म्हणाला, "डॅड, मनाने मी कधीचाच येत नव्हतो. तुम्ही शेजारी बसायचात, म्हणून बसायचो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तेव्हा बोललो असतो तर फुटबॉलच्या कोचपासून आजीपर्यंत सगळे घरी आले असते. आता कोणी विचारतही नाही."

नात मागून ओरडली, "ग्रँडपा, आय लव्ह यू! पण खोटी सही नाही करणार."

"बापावर गेली आहे," म्हणत आजोबांनी फोन ठेवला. डोळे मात्र पुसले. त्यांनी सत्त्याण्णवच कळवले आणि चर्च विलीन झालं.

अमेरिकेत स्वतःला ख्रिश्चन म्हणवणारे कमी का होताहेत, यावर ऑफिसात खूप चर्चा चाले. कोणी विज्ञानाला दोष देई, कोणी टीव्हीला. माझं मत त्या खोक्याने पक्कं केलं. पुष्कळ माणसं काल-परवा गेलेली नाहीत, ती आधीच गेलेली होती. पूर्वी 'नाही' म्हटलं तर सोयरीक, शेजार, गावातली पत अडचणीत येई, म्हणून ती यादीत राहिली. ती अडचण सरली आणि यादी खरी बोलायला लागली.

त्याच महिन्यात इथल्या आमच्या बौद्ध मंडळाने कुटुंबांची यादी मागवली. मी चार नावं आणि चार वेळा 'बौद्ध' टाइप करून मोकळा झालो होतो. पाठवायच्या आधी थांबलो आणि सतरा वर्षांच्या मुलीला हाक मारली.

"तुझ्या नावापुढे काय लिहू?"

"बाबा, तुम्ही ऑलरेडी लिहिलंय."

"खोडतो. तू सांग."

तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नागपूरच्या आजोबांनी का सोसलं ते मला नीट सांगा आधी. आय मीन, नीट. मग सांगते."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आता बसा बोलत. यादी उद्या गेली तरी चालेल."

मी मुलीच्या नावापुढचा शब्द खोडला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि वडिलांच्या शाईच्या पेनापासून सुरुवात केली.