हायवेच्या अलीकडच्या मोठ्या बाई

भिण्याच्या कामात आमच्या मोठ्या बाईंइतका तयारीचा माणूस मी तरी कागल तालुक्यात दुसरा पाहिलेला नाही. पैलवानांच्या या मुलखात लोक कारण नसतानाही छाती काढून चालतात. आमच्या या मुख्याध्यापिका मात्र खांदे आकसून, पदर घट्ट लपेटून, एकदा जमिनीकडं आणि एकदा आभाळाकडं बघत चालायच्या. जमिनीवर साप असतो आणि आभाळातून वीज पडते, याचा त्यांना कधी विसर पडला नाही. फोन वाजला की त्या आधी उभ्या राहायच्या, कारण तो साहेबांचा असू शकतो. मग लगेच बसायच्या, कारण बातमी वाईट असू शकते. तेवढ्यात फोन थांबायचा, आणि उलटा फोन करायच्या धास्तीत उरलेला दिवस जायचा.

वाडीतली आमची शाळा पहिली ते चौथीची, शिकवायला आम्ही दोघी. फार पूर्वी ती मारुतीच्या देवळात भरायची. मग कुणी तरी जागा दिली आणि वाडीनं स्वतः दगड वाहून दोन खोल्या उभ्या केल्या. अजूनही झेंडावंदनाला आलेले म्हातारे भिंतीपाशी जाऊन आपण वाहिलेला दगड चाचपून बघायचे आणि नातवंडांना दाखवायचे. वाडीला त्या भिंतीचा अभिमान होता आणि मोठ्या बाईंना तिची भीती. "हौसेनं बांधलीय गं, गवंड्यानं नाही," असं मला हळूच सांगून त्या पावसाळाभर मुलांना खोलीच्या मधोमध, एकमेकांना चिकटून बसवायच्या. मुलांना वाटायचं, शाळेत असंच बसतात.

खिचडीची तर गंमतच होती. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची असा नियम आहे. मी असते तर घासभर खाऊन मोकळी झाले असते. पण त्या धोक्यात मोठ्या बाई मला घालायला तयार नव्हत्या. घास स्वतः घ्यायच्या, देवाचं नाव घ्यायच्या आणि खुर्चीत बसून, स्वतःची नाडी धरून, आपल्याला काही होतंय का याची वाट बघायच्या. समोर ताटल्या घेतलेली मुलं त्यांच्या तोंडाकडं टक लावून उभी असायची. एकदा नेमकी उचकी लागली आणि सगळ्या शाळेचं जेवण खोळंबलं. शेवटी खिचडी करणाऱ्या मावशी पळी आपटून म्हणाल्या, "बाई, माज्या हातचं खाऊन आजवर कोण मेलं न्हाई. तुमी पयल्या हुऊ नगासा."

सहल म्हणजे शाळेमागच्या उसाच्या बांधापर्यंत. तिथंही बिबट्या असेल म्हणून सगळ्यांनी ताटल्या वाजवत जायचं आणि ताटल्या वाजवत परत यायचं. मी हे सगळं घरी सांगून हसायचे. पण भीती माणसाला लागते. त्यांच्या सोबतीला राहून राहून मीसुद्धा कपाट उघडताना आधी दारावर टिचकी मारायला शिकले.

साप, वीज, साहेब, बिबट्या या सगळ्यांच्या वर होता हायवे. बाई मूळच्या कोल्हापूरच्या, पण वाडीतच खोली घेऊन राहायच्या. कारण रोज जायचं-यायचं तर एसटीसाठी तो ओलांडावा लागला असता. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, बंगळूरकडं सुटलेले ट्रक, यांचा आवाज वर्गापर्यंत यायचा आणि पाढे म्हणून घेता घेता बाई मध्येच थांबायच्या.

इकडं शाळेचा पट घसरत चालला होता. सकाळी कागलच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायची आणि आमच्या दारावरून मुलं घेऊन जायची. मोठ्या बाई कुत्र्यांना भीत भीत घरोघर फिरल्या, हातापाया पडल्या, पण दोन-चार पोरांपलीकडं मजल गेली नाही. मग कानावर आलं की, आमची शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळणार. ती शेजारची शाळा हायवेच्या पलीकडं. त्या दिवशी बाईंनी डबा उघडलाच नाही. मला म्हणाल्या, "अगं, ट्रकचं चाक पहिलीतल्या पोरापेक्षा उंच असतं."

पाहणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. अंतर फारसं नाही, प्रश्न फक्त रस्त्याचा, तेव्हा आपण तो ओलांडूनच बघू, असं ते म्हणाले. मला हायसं वाटलं. एकदा का तो रस्ता त्यांनी डोळ्यांनी पाहिला, की शाळा वाचलीच. आणि हायवेवर पोचून बघते तर काय, वाडीतले गडी दोन्ही अंगांना लाल फडकी घेऊन उभे. बाईंनी आदल्या दिवशीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. फडकी हलली, ट्रक थांबले, ट्रॅक्टर थांबले. बाईंनी साहेबांचं मनगट घट्ट धरलं आणि त्यांना लग्नातल्या नवरदेवासारखं अलगद पलीकडं नेलं. साहेब हसून म्हणाले, "बाई, उगीच घाबरता तुम्ही. दोन मिनिटांचं तर काम आहे."

मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. साहेबांची गाडी गेल्यावर फडकंवाल्यांतला एक जण तोंडावरच बोलला, "बाई, सायबाला जरा मदी हुबा करून ट्रक बगू द्यायचा हुता की."

बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. आपल्या हातून काय झालं ते त्यांना तेव्हा कुठं कळत होतं. तरीही त्या म्हणाल्या, "आणि त्यांना काही झालं असतं म्हणजे? त्यांचीही घरी कुणी वाट बघत असेल की."

त्या उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं आणि त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. मला पलीकडच्या शाळेत घेतलं. जूनच्या पहिल्या दिवशी एसटीतून उतरून मी हायवेच्या कडेला उभी राहिले. वाडीतले आईबाप रानात गेलेले असणार, मुलांना आणायला आपणच गेलं पाहिजे, हे कळत होतं, पण पोरं घेऊन तो ओलांडायचा म्हटल्यावर पाय डांबरावर उतरत नव्हते. तेवढ्यात समोरून मुलांची रांग आली आणि पुढं मोठ्या बाई. त्यांनी हात वर केला, ट्रक करकचून थांबला, आणि निम्म्या रस्त्यात बाईंनी गच्च डोळे मिटले. शेजारची तिसरीतली पोरगी त्यांना ओढत होती. "बाई, डोळं उगडा. आमी हाय की." कडेला आल्यावर मी बाईंचा हात धरला तर तो गार पडलेला होता. मला रडू आवरलं नाही.

तेव्हापासून हे रोज चालू आहे. ट्रकवाले आता त्यांना लांबून ओळखतात, वाडीतले लोक त्यांना धीराची बाई म्हणतात. धीर कसला आलाय, त्या आजही थरथर कापतात. मुलं पोचवून वाडीतल्या खोलीवर परत जायचं तर एकटीनं ओलांडावं लागतं आणि ते त्यांना काही केल्या जमत नाही. मग शाळा सुटेपर्यंत त्या आमच्या व्हरांड्यात बसून राहतात, तांदूळ निवडतात, फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालतात. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "बाई, चला, मी सोडते तुम्हाला पलीकडं."

"नको गं," त्या म्हणाल्या, "मग तू परत एकटी कशी येशील?"

म्हणून त्या थांबतात. संध्याकाळी शाळा सुटली की मुलं त्यांना घरी घेऊन जातात.