पोच

"पाणी कमी पेत जाय नं मंग," मुख्याध्यापक म्हणाले आणि शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला.

अकरावीत होते मी, घाटंजीच्या शाळेत. मुलांच्या संडासात गेले की बाहेरून कडी लागायची. त्या दिवशी दोन तास लागली होती. मुलींच्या संडासाच्या दाराशी बाई उभ्या, मला आत सोडायच्या नाहीत. शिक्षकांच्या संडासाची किल्ली द्या, एवढंच मागायला गेले होते. उत्तर हे. मार्चच्या उन्हात मी बाटली आणणं बंद केलं. लघवीला आग व्हायची. डॉक्टरनं विचारलं, पाणी पीत नाहीस का? मी मान खाली घातली. कडी लावणारे मोकळे, आणि तोंड लपवणारी मी.

कागदावर मी मुलगा. मी मुलगी आहे हे मला फार आधीपासून माहीत होतं, सांगायला शब्द नव्हता. तो मोबाईलवर मिळाला, ट्रान्सजेंडर. कायदाही तिथंच सापडला. माझ्यासारख्यांशी शाळेनं भेदभाव करायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. अठरा पूर्ण झाल्यावर त्याच कायद्याखाली अर्ज केला. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र आलं. ते दप्तरात ठेवून फिरायचे. दाखवायची छाती होत नव्हती.

बारावीची हॉल तिकिटं आली. सगळ्यांना वाटली. माझं नाही.

"बापाले घेऊन ये," मुख्याध्यापक म्हणाले.

बाबा शेतातलं काम टाकून आले. मुख्याध्यापकांनी एक हमीपत्र पुढे सरकवलं. माझा मुलगा केस कापून मुलांच्या गणवेशात येईल, मुलासारखा वागेल, शाळेविरुद्ध कसलीही तक्रार करणार नाही. खाली आम्हा दोघांच्या सह्या. तरच हॉल तिकीट. बाबांनी ओठ हलवत सावकाश वाचलं. सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "करून टाक बापा. साल जाईन नाई तं."

मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू, सही करायचीच होती. केस काय, पुन्हा येतात. पण शेवटच्या ओळीपाशी हात थांबला. कसलीही तक्रार करणार नाही. म्हणजे ते दोन तास झालेच नाहीत, असं मीच लिहून द्यायचं. माझ्याच सहीनं.

पेन खाली ठेवलं.

"मी सही करत नाही."

"मंग बस घरी."

ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते एका बोटानं परत ढकललं. "हे यवतमाळले दाखव. इथं शाळा हाये."

तलाठ्याकडे खेटे घालून घालून बाबा एक गोष्ट शिकले होते, मलाही त्यांनीच शिकवलेली. अर्ज दोन प्रतींत लिहायचा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यायची. पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता असं ते म्हणतात. आणि मी दोन वर्षं काय केलं? तोंडी रडले. किल्ली तोंडी मागितली, कडीची तक्रार तोंडी केली. एकाही गोष्टीची पोच माझ्याकडे नव्हती. स्वतःचाच संताप आला.

वहीची दोन पानं फाडली. माझं हॉल तिकीट कोणत्या नियमानं अडवलं ते लेखी कळवा. दोन प्रती. खाली सही, माझ्या नावानं. मी निवडलेल्या नावानं.

क्लार्कनं मुख्याध्यापकांकडे पाहिलं आणि कागद घेतला नाही. मी ऑफिसातल्या बाकावर बसले. बाबा दारातून म्हणाले, "चाल घरी. हात जोडतो मी तुले." त्यांनी खरंच हात जोडले. तरी उठले नाही. बापाला मी पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. ते एकटेच बसस्टँडकडे गेले. शिपाई कुलूप घेऊन उभा राहीपर्यंत मी बसून होते.

ही कालची गोष्ट. आता परीक्षेला तीन दिवस आहेत. तिकीट मिळेल याची खात्री नाही. वर्ष गेलं तर माझंच जाईल, आणि मला ते गमवायचं नाही. आज साडेदहाला मी पुन्हा त्या ऑफिसात जाणार. शिक्का मारा, नाहीतर अर्ज घेत नाही असं लिहून द्या. दोन्ही दिलं नाही तर दुपारच्या बसनं यवतमाळला, शिक्षणाधिकाऱ्यांकडे. यापुढे मी कुणाकडेही तोंडी काही मागणार नाही.