तीनशे शहाऐंशी नंबरचं झाड

मुखरूभाऊ लॉटरीच्या तिकिटाची कधी घडी घालत नसे. रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये ते सरळ ठेवायचा. निकालाच्या दिवशी दाढी करत नसे. मोबाइलवरचा निकाल त्याला खरा वाटत नसे; छापलेला कागदच लागायचा. त्या कागदावर तो अंगठा ठेवायचा आणि उजवीकडून एकेक आकडा उघडायचा. शेवटचा आकडा जुळला नाही तरी पुढचे पाहायचाच. हरलेली तिकिटं फेकायचा नाही. भाताच्या पेजेने ती मोहाची फुलं वेचायच्या टोपलीला आतून चिकटवायचा. बुडातून फुलं गळत नाहीत म्हणे.

तो पंचेचाळीसचा, मी चोवीसचा. घरं समोरासमोर. मराठीत एम. ए. करून मी गावात रिकामा बसलो होतो, आणि माझ्याशी रोज बोलणारा तो एकटाच होता. दर बाजाराला माझ्या गाडीवर आम्ही चामोर्शीला जायचो. तिथे छत्रीखाली टेबल मांडून बसणारे वामनराव तिकिटं विकायचे. मुखरूभाऊ गठ्ठा चाळायचा आणि वामनराव वैतागायचे.

"अबे, पोरगी पाहून राह्यला का तिकीट घेऊन राह्यला?"

"पोरगी पाहाले इतका वेळ नव्हता लावला, वामनराव. म्हणून त कमळा भेटली."

परत येताना मी विचारायचो, लागली तर काय करशील?

"एक बोअर मारीन. दोन पिकं घेईन. मंग जंगलात पाय ठेवत नाई."

दोन वर्षांत आमच्या भागात वाघाने तीन माणसं नेली होती. मुखरूभाऊचं मोहाचं झाड मात्र त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर होतं, रस्त्यालगत, घरून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. आमच्याकडे प्रत्येक घराचा मोह ठरलेला असतो. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी फूल वेचत नाही. उपाशी राहील, पण वेचणार नाही.

मागच्या डिसेंबरात रस्ता रुंद करायचं ठरलं. माणसं आली आणि कडेच्या झाडांवर पांढऱ्या रंगाने आकडे टाकून गेली. मुखरूभाऊच्या मोहावर ३८६ आला.

तो धावत माझ्याकडे आला. मला वाटलं, रडेल.

"प्रफुल, झाडानं सोता नंबर देल्ला!"

"भाऊ, तो तोडायचा नंबर आहे."

"असू दे ना. पण माह्याच झाडावर आला ना? बाजूच्या बाभळीवर काऊन नाई आला?"

"बाभळीवर ३८७ आहे."

त्याने ऐकलं नाही. त्या आठवड्यापासून शेवटी ३८६ असलेलं तिकीट वामनराव त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवू लागले. कमळाबाई म्हणाली, "झाडाले कुऱ्हाड लागन आन् हा म्हणते लॉटरी लागन." तोही हसला. मीसुद्धा हसलो. त्या हसण्याची मला आज चीड येते.

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. मी अर्ज लिहिला. रस्त्याच्या पलीकडची जागा पडीक आहे, रस्ता तिकडे सरकवता येतो, असं नकाशा काढून दाखवलं. त्याच्या मागे लागलो. आज, उद्या, असं करत शेवटचा दिवस आला. दुपारी तीन वाजता त्याला आमच्या ओट्यावर बसवलं आणि हातात पेन दिलं. ग्रामपंचायतीचं ऑफिस पाचला बंद होणार होतं.

तो सही चित्र काढल्यासारखी करायचा. 'मुखरू' लिहून झालं. तेवढ्यात चामोर्शीकडे जाणारा ऑटो समोर थांबला. तो उठला.

"आज निकाल आहे, प्रफुल."

"आधी सही."

"आडनाव लय मोठं आहे बापा. आल्यावर लिहितो."

तो आला तेव्हा सहा वाजून गेले होते. ऑटोतून उतरतानाच ओरडला, "शेवटचे दोन जुळले! आठ आन् सहा! आता तिसरा कुठी जाते?"

मी अर्ज त्याच्यापुढे धरला. त्याने हाताने बाजूला केला. "एका झाडासाठी रस्ता थांबते का? तू शिकला, पण भोळाच राह्यला."

कदाचित त्याचं खरं असेल. कदाचित अर्ज फेटाळला असता. पण फेटाळायला तरी तो कोणाच्या टेबलावर जायला हवा होता.

जानेवारीत झाड पडलं. मुखरूभाऊने ३८६ लिहिलेलं सालीचं ढलपं घरी आणलं आणि तिकिटाशेजारी ठेवलं.

मार्चच्या शेवटी मोह गळू लागला. गावाजवळची सगळी झाडं कोणाची ना कोणाची होती. बिनमालकीची झाडं नाल्याच्या पलीकडे, आत होती. कमळाबाईने स्वतःच्या भावाच्या झाडाखाली वेचायला सुचवलं. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या झाडाखाली वाकू का मी?"

तो नाल्यापलीकडे जायला लागला. चौथ्या सकाळी तो तिथे फुलं वेचायला वाकला होता. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, असं नंतर आलेल्या वनरक्षकाने आम्हाला समजावून सांगितलं. आम्हाला ते लहानपणापासून माहीत होतं. टोपली उलटी पडली होती. फुलं सांडली होती, आणि टोपलीच्या आत सगळी तिकिटं घट्ट चिकटलेली होती. एकही सुटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात कमळाबाईच्या नावाने सरकारी मदतीचा चेक आला. पानठेल्यावर चैतू सुपारी फोडत म्हणाला, "काई म्हणा, मुखरूच्या घरी शेवटी लॉटरी लागलीच."

ठेल्यावर उभे असलेले दोघे हसले. एकाने विचारलं, "किती नंबरवर लागली?"

मी चैतूच्या थोबाडीत मारली नाही. गाडीला किक मारून निघून आलो. मला चैतूचा राग आहे. झाडांवर आकडे टाकून गेलेल्या माणसांचा आहे. मुखरूभाऊचा सगळ्यात जास्त आहे, आणि तो काढायला समोरचा ओटा रिकामा आहे.

अर्ज माझ्याजवळच आहे. नकाशा आहे, तारीख आहे. खाली 'मुखरू' एवढंच आहे. बारसागडे लिहायचं राहिलंय.