टॅपेट बघायचे तर गाडी थंड हवी

सासऱ्यांनी वयामुळे गाडी चालवणं थांबवलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, मग गाडी तर फारच लांबची गोष्ट. ती जुनी होती, पण सुरुवातीला मी ती चालवली कमी आणि पुसली जास्त.

गेल्या दसऱ्याला बायको, सासरे आणि मी त्या गाडीने माझ्या गावी जायचं ठरवलं. व्याही पहिल्यांदाच घरी येणार, तेही मुलाच्या गाडीतून, हे आईने साऱ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी रुसली. सकाळी सुरू होताना कुरकुरायची, सिग्नलला थरथरायची, आणि परळच्या पुलावर तर मागचे हॉर्न वाजवायला लागायचे. हा पूल चढेना, तर गावाआधीचा घाट कशी चढणार?

मी सासऱ्यांना दादरला फोन लावला. "बाबा, खरं तर इंजिनाचा आवाज कमी झालाय. ती टिकटिक बंदच झाली. मला वाटलं, गाडी सुधारली."

ते खो खो हसले. "अहो जावईबापू, टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे खटके, ते थोडे वाजलेलेच बरे. गप्प झाले की समजायचं, खटका आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट बुजत आली. तुमची गाडी सीएनजीवरची. तिच्यात व्हॉल्व्हची बैठक लवकर झिजते. मग व्हॉल्व्ह वर सरकतो, फट संपते, तो पुरता मिटत नाही आणि जोर जातो. गाडीच्या पुस्तकातल्या किलोमीटरची वाट न बघता आधीच तपासायचं असतं. सांगायचं माझ्याच डोक्यातून गेलं."

शिवडीचा त्यांचा मेकॅनिक सकाळी गॅरेजला जाता जाता येणार होता. अट एकच. गाडी रात्रभर बंद हवी. इंजिन गरम असलं की धातू फुगतो आणि फटीचं माप चुकतं.

आमच्या चाळीत हीच अट अवघड. आवार चिंचोळं, गाड्या एकामागे एक. रस्त्यावर लावली तर उचलून नेतात. म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या तळमजल्यावरच्या काकूंच्या दारामागे खिळ्यांना टांगलेल्या. ज्याला बाहेर पडायचं त्याने मधल्या गाड्या सुरू करून बाहेर काढायच्या आणि परत लावायच्या. कुणी कुणाला विचारत नाही.

पहिल्या सकाळी मेकॅनिकने बॉनेटवर हात ठेवला आणि काढून घेतला. "साहेब, यावर ऑम्लेट होईल." फुलांच्या धंद्यातले शेजारी पहाटे मार्केटला गेले होते, जाताना माझी गाडी काढून, टेम्पो निघेपर्यंत सुरूच ठेवून, पुन्हा नीट लावून.

त्यांना मी सांगून ठेवलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा बॉनेट गरम. काकू दारातूनच म्हणाल्या, "वरच्या पोरीची हॉस्पिटलात ड्युटी. तिका काय अडवू? माका काय ठावक, तुझ्या इंजिनाक थंड रवाक व्हया ता!"

"मी रोज फक्त चहाच प्यायला येतो का, साहेब?" मेकॅनिक म्हणाला. तोवर काकूंचा चहा त्याच्या हातात होता.

आता उरली एकच सकाळ. त्यानंतर निघायचं होतं. मी आईला फोन करून एसटीने येतो म्हणणार, एवढ्यात काकूंनी माझी किल्ली खिळ्यावरून काढून कनवटीला लावली. "उद्या सुरू करूची नाय. ढकलूची."

पहाटे फुलवाल्यांना निघायचं होतं. काकू स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. जन्मात कधी गाडी चालवलेली नाही. मागून मी, फुलवाले, ड्युटीवर निघालेली ती पोरगी आणि पायात स्लिपर घातलेली माझी बायको.

"डावीकडे, काकू, डावीकडे!"

"माका शिकवू नको. तू ढकल!"

गाडी फाटकाबाहेर गेली, फुलवाल्यांचा टेम्पो निघाला, आणि आम्ही हसत हसत गाडी परत आत घेतली. सगळी चाळ गॅलरीत उभी होती.

मेकॅनिक आला. बॉनेटवर तळवा ठेवून म्हणाला, "आता कसं!" वरचं झाकण काढून त्याने फटीत मापाची पातळ पट्टी घातली. धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी ती शिरेचना. स्क्रू फिरवून त्याने एकेक फट मापावर आणली. मग मला म्हणाला, "मारा." पहिल्या चावीत सुरू. काकूंनी बॉनेटला कुंकू लावलं.

घाटात सासरे पुढे बसले होते. पहिल्या वळणाला त्यांनी दाराची मूठ घट्ट धरली. तिसऱ्या वळणाला सोडली आणि शीळ घालायला लागले. वर पोचल्यावर मी गाडी बाजूला घेतली, उतरलो आणि खाली वळत गेलेला रस्ता डोळे भरून बघितला.

गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंना माणसं. आई ओवाळायला ताट घेऊन उभी. आम्हाला ओवाळलं, गाडीला ओवाळलं. सासरे उतरायला लागले तर म्हणाली, "बसा हो व्याही, उतरू नका." ताट शेजारणीकडे दिलं, मागचं दार उघडून सुनेशेजारी बसली, पदर सावरला आणि मला म्हणाली, "चल. आधी बाजारपेठेतून ने."